साडेसहा लिटरचा स्लो कुकर, घरात सहा माणसं आणि दोन मिनिटं गेलेली लाईट

आधी मुद्द्याचं सांगतो, मग पाल्हाळ. घरात पाच-सहा माणसं जेवायला असतील, मटण-पाया-कडधान्य आवडीनं खाल्लं जात असेल आणि नवरा-बायको दोघंही नोकरीला जात असाल तर मोठा स्लो कुकर बिनधास्त घ्या. पण तो प्रोग्रॅमेबल, म्हणजे वेळ लावून ठेवता येणारा, आहे एवढ्या एका कारणासाठी दोन-तीन हजार जास्त मोजणार असाल तर जरा थांबा, कारण मी ते मोजलेत आणि वर दीड किलो मटण कचऱ्यात घातलंय.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. बायको सकाळी आठला बाहेर पडते, मी हिंजवडीहून कधी साडेआठला येतो, कधी साडेनऊला, ते माझ्या हातात नाही. पोळ्यांना आणि भांड्यांना मावशी आहेत. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिनं ओट्यापाशी फार उभं राहू नये असं आमचं ठरलेलं, आणि तिला ते मान्य नाही असं तिचं ठरलेलं. तर बुधवारी आणि रविवारी मटण-चिकन किंवा छोले असलं काहीतरी, सगळ्यांना पुरेल एवढं, कुणी गॅसपाशी न थांबता व्हावं म्हणून हा शोध सुरू झाला.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून डबा, आत जाड चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण. शिट्टी नाही, प्रेशर नाही, भांडं बाजूनं सावकाश तापतं. प्रेशर कुकरमध्ये आतलं पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जातं म्हणून तिथं सगळं झटपट होतं, यात ते १०० च्या वर जायचा प्रश्नच नाही, त्यामुळे सहा-आठ तास धरून चालायचं. आणि लो, हाय ही जी बटणं असतात त्यात मी सुरुवातीला फसलो होतो, मला वाटायचं लो म्हणजे गॅस बारीक आणि हाय म्हणजे मोठा. तसं नसतं. बहुतेक स्लो कुकर दोन्हीकडे शेवटी जवळपास एकाच तापमानाला जातात, उकळीच्या जरा अलीकडं, हायवर लवकर पोचतात आणि लोवर उशिरा. हायवर चार तास म्हणजे लोवर साधारण आठ तास असा हिशोब धरा.

आईला पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं, दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, मग हा वैलच की." झालं, एका वाक्यात विषय संपला. जुन्नरकडं आमच्या घरात चूल होती तिच्या बाजूला वैल होता, त्याच्याखाली वेगळा जाळ नसायचा, चुलीची धग जेवढी येईल तेवढीच. आजी त्यावर दूध ठेवायची, कालवण सरकवून ठेवायची आणि शेतात जायची. गंमत म्हणजे स्लो कुकरचा जन्मही अशाच कुणाच्या तरी घरच्या गोष्टीतून झालाय. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन नावाचा ज्यू माणूस होता, त्याच्या आईनं त्याला लिथुआनियातल्या गावची गोष्ट सांगितलेली, शुक्रवारी संध्याकाळी मांस-बीन्सचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी काढायचं, कारण शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही. त्यावरून त्यानं विजेवरचं भांडं बनवलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं, पुढं तेच १९७१ मध्ये क्रॉकपॉट नावानं बाजारात आलं. कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाणाऱ्या मंडळींना ही शनिवारची भानगड वेगळी सांगायला नको.

आता साईज. बाजारात दीड लिटरपासून साडेसात लिटरपर्यंत सगळं दिसतं आणि अमेरिकन मापात क्वार्ट लिहिलेलं असतं, ६ क्वार्ट म्हणजे साधारण ५.७ लिटर आणि ८ क्वार्ट म्हणजे ७.६ लिटर. लिटर बघून एवढं जेवण होईल असं समजू नका, भांडं निम्म्यापेक्षा जास्त आणि पाऊणपेक्षा कमी भरायचं असतं. आमच्या साडेसहा लिटरमध्ये दीड किलो मटण रश्श्यासकट बसतं आणि सहा जणांचं रात्रीचं होऊन दुसऱ्या दिवशीच्या डब्यापुरतं उरतं. पण आई-बाबा गावी गेले की आम्ही चौघंच उरतो, मग अर्धा किलोत तळ पण नीट झाकत नाही, कडेनं करपायला लागतं. तेव्हा तो वर माळ्यावर आणि आपला जुना प्रेशर कुकर खाली. दोघांतिघांच्या घरात एवढा मोठा आणू नका, पाहुणे येतात कधीमधी म्हणून तर मुळीच नका. आणि लांबट अंड्याच्या आकाराचा येतो तो अख्खी कोंबडी ठेवण्यासाठी असतो, आपण काय अख्खी कोंबडी शिजवत नाही, गोल बघा, ओट्यावर मिक्सर आणि वॉटर फिल्टरच्या मधे निदान बसतो तरी.

तुळशीबाग, लक्ष्मी रोड, रविवार पेठ सगळीकडं हिंडलो. बोहरी आळीत एका काकांनी "स्लो कशाला, फास्टच न्या की" म्हणून राईस कुकर पुढं केला. शेवटी ऑनलाईन घेतला. मावसभाऊ न्यू जर्सीहून येणार होता, तो म्हणाला मी आणतो, तिकडं स्वस्त आहे. मोह झाला होता पण तिकडचा १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडं २३०, थेट लावला तर जळणारच, आणि त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर घेऊन तो आठ-आठ तास तापवत बसायचा म्हणजे कुठली बचत. इंग्लंडहून कुणी आणत असेल तर चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त पिन बदलावी लागते. विजेचं म्हणाल तर आमचा २७० वॅटचा आहे, आठ तास पूर्ण ताकदीनं चालला तरी दोन युनिटच्या आसपास जाणार. मोठ्या पॉवर पॉईंटची गरज नाही, साध्या सॉकेटवर चालतो.

आता त्या प्रोग्रॅमची गोष्ट. कागदावर भारी आहे, आठ तास लावा, वेळ संपली की आपोआप वॉर्मवर जातं आणि अन्न ६० अंशांच्या वर गरम राहतं. आमच्यासारख्या घरात जिथं पोरं साडेसातला जेवतात आणि मी साडेनऊला, तिथं हे वॉर्म खरंच सोन्यासारखं आहे, मटण परत गरम करून चिवट होत नाही. जूनमधला बुधवार होता. सकाळी बायकोनं कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून, मटण परतून सगळं आत घातलं, लोवर आठ तास लावले, निघाली. दुपारी पाऊस आला आणि लाईट गेली. दोन मिनिटं फक्त. आली तशी बाबांनी टीव्ही परत लावला, फ्रिज चालू झाला, पंखा चालू झाला. कुकर मात्र बंदच. डिजिटल आहे ना, लाईट गेली की त्याला काही आठवत नाही, परत आल्यावर नुसत्या रेघा लुकलुकत बसतात आणि कुणीतरी येऊन बटण दाबायची वाट बघतात. आईनं जाता-येता झाकणाला हात लावून बघितला तर गरम होतं, जाड माती आहे, तास-दोन तास धग धरतेच, तिला वाटलं चाललंय. संध्याकाळी सातला बायकोनं झाकण काढलं तर मटण कोमट, अर्धं शिजलेलं, आणि असं किती तास पडलंय कुणालाच माहीत नाही. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न तासन्तास राहिलं की जंतू वाढतात, परत उकळलं म्हणून प्रत्येक वेळी धोका जातोच असं नाही. दिलं फेकून. आई दोन दिवस बोलली नाही, मटणाशी का माझ्याशी ते कळलं नाही.

साधा गोल बटणवाला स्लो कुकर असतो ना, लो-हाय-वॉर्म फिरवायचं, त्याला हा रोग नाही. लाईट आली की तो जिथं होता तिथून परत तापायला लागतो. आणि तो स्वस्तही असतो. त्यामुळे प्रोग्रॅमेबलच हवा असेल तर बॉक्स उघडल्या उघडल्या पहिलं काम हे करा, नुसतं पाणी घालून चालू करा, पाच मिनिटांनी सॉकेटचं बटण बंद करून परत चालू करा आणि बघा काय होतंय. काही मॉडेलना थोड्या वेळापुरती आठवण राहते, आमच्याला राहत नाही. जमत नसेल तर रिटर्नची मुदत आहे तोवर परत करा. मी केलं नाही, मुदत संपली होती. मग इलेक्ट्रिशियनला बोलवून इन्व्हर्टरच्या लाईनवरून स्वयंपाकघरात एक पॉईंट ओढून घेतला, त्याचे वेगळे पैसे. पण २७० वॅट घरच्या इन्व्हर्टरला जड नाही, आणि तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. (गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते तेव्हा तसाही प्रश्न नसतो, त्या दिवशी आमच्याकडं मटणच नसतं.)

डिले स्टार्ट नावाचं एक बटण आहे, म्हणजे सकाळी भरून ठेवा आणि दुपारी आपोआप चालू. मटण-चिकनला हे वापरायचंच नाही. पुण्यात एप्रिलमध्ये घरात काय उकाडा असतो माहितीये ना, कच्चं मटण तिथं चार तास ठेवणार का? फ्रीजरमधलं बर्फ झालेलं मटण पण थेट टाकायचं नाही, वितळून मगच, नाहीतर तापायलाच अर्धा दिवस जातो.

मग यात होतं काय चांगलं? मटण. मटणवाल्याला सांगून नळी आणि सीना घ्यायचा, चरबी-शिरावाला भाग, तो सावकाश शिजला की शिरा विरघळून रस्सा असा दाट होतो की बोटं चिकटतात. सिंहगड रोडला जागोजाग चुलीवरचं मटण अशा पाट्या असतात, धुराचा वास सोडला तर बाकी काम हाच करतो. पाया तर विचारू नका, रात्री दहाला लावला आणि सकाळी सातला बाबांना वाटीभर सूप. खपली गव्हाची खीर ही आईची फर्माईश, गहू भिजवून, जरा कुटून, लोवर रात्रभर, सकाळी असा फुललेला की डावानं हलवायचीही गरज नाही. गूळ मात्र बंद केल्यावर आणि दूध त्याच्याही नंतर, जरा निवल्यावर, नाहीतर फाटलंच समजा.

छोले छान होतात पण चिंच-टोमॅटो शेवटी घालायचं, आंबट आधी पडलं की दाणा मऊ होत नाही. टँकरच्या जड पाण्यानं तर अजूनच नाही, आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा मी फिल्टरचं पाणी घालतो. आणि राजमा, हे नीट वाचा. राजमा भिजवून ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात गॅसवर खळखळून किमान दहा मिनिटं उकळायचा, मगच स्लो कुकरमध्ये. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो तो मंद आचेवर मरत नाही, उलट अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त बाधतो, उलट्या-जुलाब सुरू होतात. कुकरसोबत आलेल्या चकचकीत रेसिपीच्या पुस्तकात याचा उल्लेखही नव्हता.

पाणी नेहमीपेक्षा बरंच कमी घालायचं, कारण वाफ बाहेरच जात नाही. पहिल्या वेळी मी आईच्या मापानं घातलं आणि मटणाचं सार झालं. म्हणूनच बासुंदी यात जमत नाही, दूध आटतच नाही. भात गिचका होतो. वरण-आमटीला तर कशाला, दोन शिट्ट्यांचं काम. आणि फोडणी, वाटण हे कढईत परतूनच घालायचं, कच्चा लसूण यात आठ तासांनीही कच्चाच लागतो. म्हणजे सगळं टाका आणि विसरा असं जाहिरातीत दाखवतात तसं काही नाही, सकाळची वीस मिनिटं जातातच. झाकण मात्र सारखं उघडायचं नाही, एकदा उघडलं की गेलेली वाफ भरून यायला वीस-तीस मिनिटं. आईला हे अजून पटलेलं नाही, आमच्या छोल्यांना साडेनऊ तास का लागतात त्याचं उत्तर तिथं आहे.

शेवटचं म्हणजे घासणं. आतलं भांडं भरलेलं नसतानाही चारेक किलोचं असेल, आणि गरम असताना गार पाणी पडलं तर तडकतं. नुसतं भांडं वेगळं मिळतं का हे घ्यायच्या आधीच विचारा, मी नंतर विचारलं, नाही मिळत म्हणाले. मावशींना हे सांगितलं तर त्यांनी भांडं एकदा उचलून बघितलं, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, हे काय मी घासणार नाही, फुटलं की माझ्या नावावर." तेव्हापासून रात्री साडेदहाला, गार झालं का बघून, मी घासतो.