घरटीपेटी, फुलपट्टी की सजीव कुंपण: फळबागेतील घटत्या जीवसृष्टीसाठी आधी काय करावे?

बागेतून कमी होत चाललेले पक्षी आणि उपयोगी कीटक परत यावेत असे वाटू लागले, की बागायतदाराचा हात बहुधा आधी घरटीपेटीकडे जातो, कारण ती एका दिवसात टांगून होते. नव्या बागेत पेटीचा उपयोगही आहे. कोवळ्या झाडांना ढोल्या नसतात आणि ढोलीत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची नेमकी तीच अडचण असते. नेदरलँड्समधील सफरचंदाच्या बागांत पेट्यांमुळे ग्रेट टिट हे अळ्या खाणारे छोटे पक्षी वसल्यावर अळ्यांनी होणारे फळांचे नुकसान घटल्याचे दिसले, तर अमेरिकेतील मिशिगनच्या चेरीबागांत खरूचीसारख्या लहान शिकारी पक्ष्यासाठी लावलेल्या पेट्यांमुळे फळे खाणाऱ्या पक्ष्यांचा वावर कमी झाला. भोकाचे माप मात्र काटेकोर हवे: ग्रेट टिटला २८ मिलिमीटर पुरतात, ३२ केले की चिमण्याही शिरतात. (अनेक ठिकाणी चिमणीही घटते आहे, त्यामुळे याला तोटा म्हणावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

पेटी निवारा देते, अन्न नाही. पिलांना भरवायला अळ्याच नसतील, तर पेटी रिकामी राहते किंवा पिले उपाशी मरतात. म्हणून सतत फवारणी होणाऱ्या बागेत निव्वळ पेट्या लावणे मला व्यर्थ वाटते.

फुलपट्टीचे, म्हणजे झाडांच्या ओळींमध्ये लावलेल्या फुलझाडांच्या पट्टीचे, गणित वेगळे आहे. फळझाडांचा फुलोरा काही आठवड्यांत सरतो आणि पुढे मधमाश्यांना बागेत काहीच उरत नाही. ती पोकळी ही पट्टी भरते. सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण तिच्या प्रौढ माशीला मकरंद व पराग लागतात, आणि तिची सोंड आखूड असल्याने बडीशेप किंवा कोथिंबिरीसारखी उघडी, उथळ फुलेच तिच्या कामाची असतात. भरगच्च पाकळ्यांची शोभेची फुले येथे निरुपयोगी. काही परिणाम पहिल्याच हंगामात दिसू शकतो. धोकाही येथेच आहे: फुलांवर मधमाश्या असताना कीटकनाशक फवारले, तर पट्टी हा सापळा ठरतो, म्हणून फवारणी टळत नसेल तर आधी फुले कापून घ्यावीत. शिवाय बहुतेक एकांड्या (पोळे न करता एकेकट्या राहणाऱ्या) मधमाश्या जमिनीत घर करतात. उघड्या मातीत पेन्सिलीएवढे छिद्र आणि त्याभोवती भुसभुशीत मातीचा छोटा ढीग दिसला, तर तेवढा तुकडा नांगरू नये.

सजीव कुंपण निवारा आणि अन्न दोन्ही देते, वारा अडवते, शेजारून उडत येणारी फवारणीही काही प्रमाणात रोखते. पण त्याला घट्ट व्हायला काही वर्षे लागतात आणि जागाही जाते. झुडपांची निवडही डोळसपणे करावी: सफरचंद वा नाशपातीच्या बागेलगत हॉथॉर्न हे काटेरी झुडूप लावले, तर फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला आसरा मिळू शकतो.

सगळे एकदम जमणार नसेल, तर नव्या बागेत मी फुलपट्टीपासून सुरुवात करेन आणि त्याच वर्षी कुंपणाची रोपे लावेन. पेट्या दुसऱ्या वर्षी टांगल्या तरी चालतील. जुन्या बागेत मात्र पेटीचा खर्च करण्याआधी ढोली असलेली, अर्धवट वाळलेली झाडे तोडणे थांबवावे, आणि रोगट फांद्या तेवढ्या छाटून बाकीचे खोड उभे ठेवावे.