अँग्युलर १३ वरून १७ : एनजी अपडेट कमांड कशी आहे

नाशिकमध्ये द्राक्ष एक्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करणारे बरेच जण आहेत आणि बहुतेकांकडे एखादा जुना अँग्युलर (वेब ॲप बनवायची गूगलची फ्रेमवर्क) प्रोजेक्ट असतोच ज्याला कोणी हात लावायला तयार नसतं. आमचं पॅकहाऊसचं ॲप अँग्युलरच्या १३ व्या व्हर्जनवर होतं. जानेवारी ते एप्रिल सीझन, तेव्हा तर विषयच नाही, म्हणून पावसाळ्यात घेतलं आणि १७ पर्यंत नेलं.

प्रोजेक्ट अँग्युलरच्या पुढच्या व्हर्जनवर नेणारी एनजी अपडेट कमांड खरंच भारी आहे. एका वेळी एकच मेजर व्हर्जन चढू देते, गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) कमिट न केलेलं काही असेल तर सुरूच होत नाही, आणि हा कडकपणा मला तरी फार आवडला कारण प्रत्येक टप्प्याला मागे यायची वाट राहते. १७ ला टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएलमध्ये, ॲट चिन्हाला नवीन अर्थ आला ना, तर आमच्या फुटरमधल्या ईमेलचं ॲट चिन्ह तिने स्वतःच बदलून दिलं, नाहीतर तिथे बिल्ड (कोडपासून चालणारं ॲप तयार होणं) अडकलं असतं.

१४ ला टाइप्ड फॉर्म आले, म्हणजे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात कुठल्या प्रकारची माहिती येणार ते कंपायलर तपासतो. कमांड सगळीकडे अनटाइप्ड फॉर्मग्रुप (ही तपासणी नसलेला जुना प्रकार) लावून देते, बिल्ड पास होतं, बरेच जण तिथेच सोडतात. सोडू नका! आम्ही क्रेटच्या वजनाच्या फॉर्मवरचं अनटाइप्ड काढलं आणि कंपायलर लगेच ओरडला की वजन नल, म्हणजे रिकामं, असू शकतं. बरोबरच होतं त्याचं, वजन रिकामं राहिलं तर जावास्क्रिप्टमध्ये नल गुणिले दर म्हणजे शून्य, कुठलीही तक्रार न करता बिलात शून्य. ही एरर नाही, फुकटचं ऑडिट आहे.

खरी मारामारी १६ ला. व्ह्यू इंजिन या अँग्युलरच्या जुन्या इंजिनवर बनवलेल्या लायब्ररी १५ पर्यंत एनजीसीसी हे रूपांतर करणारं टूल सांभाळून घेत होतं, १६ ला ते काढूनच टाकलं. आमची एक ग्रिडची लायब्ररी तशीच जुनी निघाली आणि टर्मिनल लालेलाल. आता यात महत्त्वाचं बघा, त्यातल्या बहुतेक एनजी ८००१ होत्या, म्हणजे अमुक टॅग ओळखीचा नाही, आणि ऑफिसातली पोरं एकेक टॅग शोधत बसली होती. पण मूळ एरर एकच होती, एनजी ६००२, लायब्ररीचं मॉड्यूल अँग्युलरला मॉड्यूल म्हणून ओळखताच येत नाही म्हटल्यावर त्यातले सगळे टॅग अनोळखीच होणार. त्या मेसेजमध्ये लायब्ररीचं नाव आणि ती आयव्हीला (व्ह्यू इंजिनच्या जागी आलेलं नवं इंजिन) चालत नाही हेसुद्धा स्पष्ट लिहिलेलं असतं. लायब्ररीचं नवीन व्हर्जन टाकलं, डॉट अँग्युलर फोल्डरमधलं कॅशे उडवलं, बाकीचं आपोआप गेलं.

इथे कमांड कमी पडते. अँग्युलर अपडेट करताना तिची मायग्रेशन्स (कोडमधले आपोआप होणारे बदल) अँग्युलरच्या स्वतःच्या पॅकेजची, बाहेरची लायब्ररी वेगळी बघावी लागते. पॅकेजचं जुळत नाही म्हणून ती थांबली की फोर्स हा पर्याय लावून टाका सांगणारे भेटतील, अजिबात लावू नका, तपासणी तेवढी बंद होते आणि तीच भानगड पुढे बिल्डमध्ये निघते, तेव्हा मात्र कारण सापडत नाही.

नोडचंही (ज्यावर ही कमांड चालते ते) व्हर्जन आधी बघून घ्या, १७ ला किमान १८.१३ लागतं, टाइपस्क्रिप्ट ५.२.

५ पैकी ४ स्टार. अजून १३-१४ वर असाल तर आधी पॅकेज जेसन (प्रोजेक्टच्या लायब्ररींची यादी असलेली फाइल) उघडा आणि दोन-तीन वर्षांत अपडेट न झालेल्या लायब्ररी बाजूला लिहून काढा, त्यांचं काय करायचं ते ठरलं की मगच कमांड चालवा.