चलन सांभाळण्याच्या दोन तऱ्हा: सिंगापूर आणि हाँगकाँग

सिंगापूरचा परदेशी व्यापार जीडीपीच्या सुमारे तिप्पट आहे आणि अन्न बहुतेक बाहेरून येतं. म्हणून तिथली मध्यवर्ती बँक 1981 पासून व्याजदराऐवजी विनिमयदर हाताळते. व्यापारी भागीदारांच्या चलनांची टोपली आणि तिच्या तुलनेत सिंगापूर डॉलरने ज्या मर्यादेत हलायचं तो पट्टा; पट्ट्याचा चढ (तो किती वेगाने वर सरकतो), रुंदी आणि मध्य या तीनच गोष्टी बँक बदलते. महागाई भडकली की चढ वाढवायचा: सिंगापूर डॉलर वधारतो, आयात स्वस्त पडते. ऑक्टोबर 2021 ते ऑक्टोबर 2022 मध्ये धोरण पाचदा कडक केलं. मोबदल्यात व्याजदरांवरचा ताबा सुटतो, निर्यातदारही कुरकुरतात.

हाँगकाँगने (देश नव्हे, पण जगतं व्यापारावरच) 1983 मध्ये अमेरिकी डॉलरशी गाठ मारली: एका अमेरिकी डॉलरला 7.80 हाँगकाँग डॉलर. 2005 पासून मुभा 7.75 ते 7.85. दर 7.85 ला टेकला की तिथलं चलन प्राधिकरण (मध्यवर्ती बँकेचं काम करणारी संस्था) हाँगकाँग डॉलर विकत घेतं, बँकांकडची रोकड आटते, व्याज चढतं. ऑक्टोबर 1997 मध्ये बँकांनी एकमेकांना दिलेल्या एका रात्रीच्या कर्जाचा वार्षिक दर 280 टक्क्यांवर गेला होता. नियम स्वच्छ, अंदाज बांधायला नको. पण मंदी चीनमधून आणि व्याजदर अमेरिकेतून आले, की घरकर्जवाले भरडले जातात. आयातीवर पोट असेल तर सिंगापूरची तऱ्हा उजवी. मात्र तिला बाजाराचा विश्वास आणि भक्कम गंगाजळी लागते.