गोड व्हाइट वाइन घ्यायची तर सोटर्न, टोकाय, आइस वाइन की आपली नाशिकची?

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मे महिन्यात ठाण्याला मानपाड्याच्या घरी आम्ही सहा जण जेवायला बसलो. कोथिंबीर वडी, पुरी-भाजी आणि शेवटी आम्रखंड असा बेत, आणि मावसभाऊ फ्रँकफर्टहून येताना दोन बाटल्या घेऊन आला, एक सोटर्न आणि एक टोकाय, माझ्याकडे नाशिकची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ, म्हणजे शेनिन ब्लाँ नावाच्या द्राक्षांची, उशिरा तोडून केलेली वाइन, आधीच फ्रीजमध्ये होती, मग काय, तिन्ही उघडल्या. तेव्हापासून ओळखीतले चार जण विचारतायत की जेवणानंतरची गोड व्हाइट वाइन घ्यायची तर कुठली, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे चांगल्या गोड वाइनमध्ये वरून साखर घातलेली नसते. यीस्ट द्राक्षातली साखर खाऊन अल्कोहोल करतं, लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर गेली की १ टक्का अल्कोहोल. आता रसातच लिटरला ३५० ग्रॅम साखर असली तर १४ टक्क्यांपर्यंत जाताजाता २३८ ग्रॅम संपते, तिथे यीस्ट दमतं किंवा वाइनवाला गार करून, सल्फर घालून त्याला थांबवतो, आणि शंभराच्या वर ग्रॅम साखर वाइनमध्ये तशीच राहते. रसात एवढी साखर आणायची कशी, चारही बाटल्यांचा फरक तिथे आहे.

सोटर्न फ्रान्सच्या बोर्डोमधली. तिथे सिरों नावाची थंड पाण्याची छोटी नदी गारोनच्या जरा कोमट पाण्याला मिळते, त्यामुळे शरद ऋतूत सकाळी धुकं आणि दुपारी ऊन, आणि त्या धुक्यात द्राक्षावर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला बुरशी म्हटलं की झोप लागत नाही, भुरी म्हणू नका, डाऊनी म्हणू नका, फवारणीवर फवारणी चालू, आणि तिकडे माणसं बुरशी यायची वाट बघत थांबतात! बुरशी सालीला बारीक बारीक भोकं पाडते, दुपारच्या उन्हाने आतलं पाणी उडतं, मणी सुरकुततो, राखाडी लव आलेल्या अर्ध्या बेदाण्यासारखा दिसतो, आणि आत साखर, आंबटपणा, वास सगळं घट्ट होतं. पाऊस लागून राहिला तर मात्र हीच बुरशी घड सडवते. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत म्हणून तोडणारे त्याच बागेत पुन्हा पुन्हा जातात, कधी पाच-सहा फेऱ्या, आणि तयार झालेलं तेवढंच तोडतात. शातो द'इकेम या तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या वाइनरीत म्हणतात की एका वेलीमागे एक ग्लास वाइन निघते. बोर्डोच्या वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीत सोटर्नमध्ये सगळ्यात वरचा दर्जा एकट्या इकेमला मिळाला होता, आणि २०१२ साली द्राक्षं मनासारखी आली नाहीत तर त्यांनी त्या वर्षी इकेम काढलीच नाही. एवढा खर्च करून वर्ष सोडून द्यायचं, मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

टोकाय हंगेरीची. बुरशी तीच, धुकं बोद्रोग आणि तिसा नद्यांचं, पण पद्धत वेगळी. बुरशीने सुकलेले मणी, त्यांना तिकडे असू म्हणतात, एकेक करून वेचतात, आणि रसात किंवा वाइनमध्ये भिजत घालून मग पिळतात. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपाला असूच्या किती पाट्या घातल्या त्यावरून तीन, चार, पाच, सहा पुट्टोन्योश असं मोजायचे. २०१३ पासून तीन-चारचा प्रकार बंद झाला, आता असू म्हटलं की लिटरला कमीत कमी १२० ग्रॅम साखर, आणि सहा पुट्टोन्योशला १५०. पण साखरेच्या आकड्याला घाबरू नका, टोकायचं मुख्य द्राक्ष, फुरमिंट, इतकं आंबट असतं की ती साखर जिभेवर बसत नाही.

आइस वाइनबद्दल थोडक्यात. द्राक्षं वेलीवरच गोठू देतात, जर्मनीत उणे ७ आणि कॅनडात उणे ८ डिग्रीच्या खाली, आणि गोठलेलीच पिळतात, बर्फ मागे राहतो, घट्ट रस बाहेर येतो. बुरशी नाही, त्यामुळे चव स्वच्छ, फळाची. थंडीच पडली नाही तर वाइन नाही, जर्मनीत २०१९ च्या हंगामात कुठेच काढता आली नव्हती. मी एकदाच प्यायलोय, छान होती, पण एक छोटा ग्लास झाला की पुरे वाटलं.

आणि नाशिक. सुला, रेव्हेलो यांची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ मिळते. इथे बुरशीचा किंवा बर्फाचा भरवसा नाही, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवतात. आपल्याकडच्या उन्हात साखर भराभर चढते पण आंबटपणाही उतरतो, त्यातल्या त्यात शेनिनमध्ये तो मुळातच बरा असतो म्हणून हे जमतं. मध, पिकलेला पेरू, अननस असा वास, आणि बाकीच्यांपेक्षा हलकी.

आता त्या रात्री काय झालं ते सांगतो. आम्रखंडाबरोबर नाशिकची वाइन फिकी आणि आंबट लागली, कारण पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन मार खाते. तीच वाइन आधी कोथिंबीर वडीबरोबर इतकी छान लागली होती की आईने स्वतःहून अजून थोडी मागितली. सोटर्न ग्लासमध्ये फिरवली तर काचेवरून पाकासारखी हळू उतरत होती, जर्दाळू, केशर, संत्र्याच्या सालीचा मुरांबा असा वास, मी दोन मिनिटं नुसता वासच घेत बसलो. पण आम्रखंडापुढे ती जड झाली. फ्रेंच लोक ती खारट रोकफोर चीजबरोबर घेतात, आमच्याकडे बाकरवडी होती, आणि गोड-तिखट-खारट असं काही जमून आलं की विचारू नका. आम्रखंडाला टिकली ती टोकाय. प्रत्येक घोटाला तोंड धुतल्यासारखं साफ, पुढचा चमचा घ्यावासा वाटतो. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी असल्या आपल्या गोडाला माझ्या मते टोकायच.

म्हणून पहिल्यांदाच घेत असाल तर नाशिकची घ्या, ठाण्यात, वाशीत मोठ्या वाइन शॉपमध्ये विचारलंत तर मिळते, आणि जेवणाच्या सुरुवातीला तिखटाबरोबर प्या. बाहेरून कोणी येत असेल तर टोकाय सांगा, परत येताना माणशी २ लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते, इकडे इंपोर्टेड घेतली तर ड्युटीने किंमत खूप चढते. सोटर्न खास दिवसासाठी, आणि अर्धी बाटली, ३७५ मिलीचीच घ्या, सहा जणांना साठ-साठ मिली होते, या वाइनला तेवढं पुरतं. बाटली बघूनच घ्या, एकदा वाशीतल्या एका दुकानातून मी आणलेली सोटर्न तिथे काचेच्या कपाटात उन्हात उभी होती, वरचं वेष्टण चिकट लागत होतं तरी घेतली आणि आत उकळलेल्या साखरेसारखी चव निघाली, चिकट म्हणजे बूच गळलंय, अशी बाटली परत ठेवा. फ्रीजमधून काढून दहा मिनिटांनी ओता, आणि उरली तर बूच लावून परत फ्रीजमध्ये, आमची टोकाय आठ दिवसांनीही तितकीच छान होती.