राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, जोधपूर: फेरी गाइडसोबतच करा, आणि महिना बघून जा

मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे 70 हेक्टर खडकावर हे उद्यान पसरले आहे. साधे तिकीट काढून एकट्याने फिरलात तर दगड, काटे आणि किल्ल्याचे दोनचार फोटो एवढेच पदरात पडेल. इथली झाडे बुटकी, करडी आणि वर्षातले बरेच महिने निष्पर्ण असतात. गुग्गुळाचे झुडूप उन्हाळ्यात वाळक्या काटक्यांचा भारा वाटते, माहिती नसेल तर माणूस त्याला ओलांडून पुढे जातो. म्हणून गाइडचे पैसे इथे वाचवू नयेत.

फेरी हाथी नहरमधून सुरू करावी. पावसाचे पाणी किल्ल्याखालच्या तलावांकडे नेण्यासाठी खडक फोडून केलेला हा जुना कालवा आहे. त्याच्या भिंतींत सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीचा रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीतून बनलेला कठीण खडक, उघडा दिसतो. त्याला हात लावून बघा, मग पुढची प्रत्येक वनस्पती समजते. माती जवळपास नाही, पाऊस वर्षाला सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही खडकावरून वाहून जातो. जगायचे तर भेगेत मूळ घालायचे. शमी, म्हणजे तिकडची खेजडी, मारवाडची ओळख खरी, पण तिला खोल माती लागते. ती उघड्या खडकावर शोधत बसू नये.

गाइडला एक गोष्ट आवर्जून विचारा: वेडी बाभूळ कशी काढली? हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, मारवाडात त्याला बावळिया म्हणतात. 1940 साली जोधपूर संस्थानाने त्याला चक्क शाही वनस्पतीचा दर्जा दिला होता. 2006 मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टने वृक्षअभ्यासक प्रदीप कृषेन यांच्या मार्गदर्शनाखाली हा परिसर पूर्ववत करायला घेतला, तेव्हा सगळीकडे तेच माजले होते. वेडी बाभूळ वरून तोडली की बुंध्याखालच्या डोळ्यांतून, म्हणजे अंकुरांतून, जास्तच फुटते. मूळ भेगांत शिरलेले असते, ओढून निघत नाही. शेवटी उपयोगी पडले ते खंडवालिया, वालुकाश्माच्या खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले लोक. दगडावर हातोडी मारून आवाजावरून भेग कुठे जाते ते ते ओळखतात. छिन्नी-हातोडीने साधारण दीड फूट खोल जाऊन फुटव्याचा भागच त्यांनी उपटून काढला. मग त्याच खड्ड्यांत स्थानिक रोपे लावली, आणि शेळ्या आत येऊ नयेत म्हणून कडेने भिंत घातली. उद्यान लोकांसाठी 2011 मध्ये खुले झाले. आपल्याकडे सोलापूर, मराठवाड्यातल्या माळरानांवर आणि तलावांच्या काठी वेडी बाभूळ हटवू पाहणाऱ्यांनी निदान एवढे ऐकायला तरी ही फेरी करावी. वरून छाटणी म्हणजे पैसे आणि श्रम दोन्ही वाया.

दुसरे थांबण्यासारखे ठिकाण म्हणजे थोर या काटेरी झुडपाची जाळी. नाव मराठीसारखेच असले तरी आपल्या कुंपणाचा थोर वेगळा आणि हा वेगळा. पाने पावसाळ्यापुरती, बाकी वर्षभर हिरव्या खोडातच अन्न तयार होते. काट्यांच्या आत शेळीचे तोंड पोचत नाही, म्हणून इतर झाडांची कोवळी रोपे त्याच्या आडोशाने वाढतात. मुले सोबत असतील तर आधीच बजावून ठेवा, फांदी मोडायची नाही. चीक डोळ्यांत गेला तर फार जळजळ होते.

पुढे कुमट हे झाड भेटते, याच्या खोडातून डिंक मिळतो आणि बिया केर-सांगरीच्या भाजीत पडतात. केर म्हणजे आपली नेपती, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. सरगूरो हा रानशेवगा बघून मराठी माणसाला गंमत वाटेल, कारण त्याच्या शास्त्रीय नावातच (Moringa concanensis) कोकण आहे. गुग्गुळापाशी घाई करू नका. राळेसाठी बेसुमार चिरा पाडल्या की झुडूप मरते, आणि तशानेच ही जात आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. स्थानिक आणि मराठी नावांचा गोंधळ टाळायचा तर शास्त्रीय नाव विचारून वहीत लिहून घ्या.

कधी जावे? बघण्यासारखे सर्वाधिक ते जुलै अखेर ते सप्टेंबरमध्ये. दोन चांगले पाऊस झाले की भेगाभेगांतून गवत आणि अल्पायुषी रोपे वर येतात, काही आठवड्यांत फुलून बी टाकून संपतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोहिड्याचे झाड पिवळ्या-केशरी रंगात फुलते, केरही लालसर होतो. डिसेंबर चालायला सुखाचा, पण वनस्पतींसाठी मध्यम. मे महिन्यात वनस्पतींसाठी येऊ नये.

वेळ सकाळचीच. खडक तापला की दहानंतर खालूनही झळ लागते. दीड-दोन तास हाताशी ठेवा, माणशी किमान एक लिटर पाणी, घट्ट तळव्याचे बंद बूट, पूर्ण पायघोळ पँट. सँडल घातले की पावसाळ्यानंतर कुसळे पायांत रुततात, आणि ओला रायोलाइट घसरडाही होतो. पायवाटा अरुंद आहेत. आठांपेक्षा मोठा गट असेल तर मागच्यांना गाइडचे बोलणे ऐकू येत नाही, तेव्हा दोन गट करावेत आणि गाइडचे आधी फोनवर ठरवावे. गुडघे दुखणाऱ्यांनी पूर्ण वळसा न घेता सिंघोरिया पोळ या दरवाजाजवळचे माहिती केंद्र आणि रोपवाटिका बघावी. तिथे हीच झाडे हातभर अंतरावर, सपाट जागेवर उभे राहून ओळखता येतात.