टॉय हॉलर फिफ्थ व्हील: एटीव्ही नेण्यासाठी घ्यावा का?

अमेरिकेत फिफ्थ व्हील कॅम्परसोबत (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायचा, राहण्याची सोय असलेला ट्रेलर) एटीव्ही (कच्च्या वाटांवरच्या छोट्या चारचाकी गाड्या) न्यायच्या तर मागे दुसरा ट्रेलर जोडण्यापेक्षा टॉय हॉलर, म्हणजे गाड्या आतच ठेवता येणारा कॅम्पर, बरा. दुहेरी ट्रेलरला काही राज्यांत बंदीच आहे. शिवाय मागचा ट्रेलर रिव्हर्स घेताना कुठे वळेल याचा नेम नाही.

टॉय हॉलरमध्ये मागे गॅरेज आणि रॅम्पचा दरवाजा असतो. ट्रेलर रिकामा असताना पिनवर (ट्रेलर ट्रकला जोडणारा पुढचा खुंट) भरपूर भार येतो. ७,००० किलोच्या ट्रेलरच्या वजनाचा २० टक्के धरला तरी १,४०० किलो. तो ट्रकच्या पेलोडमधून (ट्रक स्वतःवर वाहू शकतो ते वजन) वजा होतो, म्हणून टोइंगच्या (ओढण्याच्या क्षमतेच्या) आकड्याआधी ड्रायव्हरच्या दाराजवळचं पेलोडचं स्टिकर वाचा. जाहिरातीतला आकडा इथे कामाचा नाही. सुमारे ३५० किलोच्या दोन एटीव्ही ॲक्सलच्या मागे चढल्या की पिन हलकी होते. तिच्यावरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १५ टक्क्यांखाली गेला तर ट्रेलर डोलू लागतो. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, हेही बघा: ३८० लिटर म्हणजे तितकेच किलो. सगळं भरून एकदा काट्यावर वजन कराच.

बांधणीत चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे), आणि ते अडकवायच्या डी-रिंग (कड्या) चॅसीला बोल्ट केलेल्या हव्यात. नुसत्या प्लायवुडमध्ये स्क्रूने बसवलेल्या उपटतात. सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत ताणा, ४० किमीनंतर पुन्हा आवळा.

पेट्रोलचा वास मात्र जात नाही. गाड्या आत असताना गॅरेजमध्ये झोपू नका.