घोडबंदर रोडच्या नर्सरीतली नारळाची सोडणं

गच्चीतल्या कुंड्यांवर आच्छादनाला घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून सोडणाच्या, म्हणजे नारळावरच्या काथ्याच्या सालीच्या, तुकड्यांची पिशवी आणली. माल स्वच्छ, पण जरा महागच. शिवाय आधी भिजवून पाणी ओतून द्यायचं, हे विकणाऱ्याने सांगितलंच नाही. सोडणात क्षार असतात. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघालं! दोन इंचांचा थर दिला, खोडाभोवती बोटभर जागा सोडून. आता मे महिन्याच्या उन्हातही मोगऱ्याची माती संध्याकाळपर्यंत ओलसर असते. थर उचलला की पांढरी तंतुमुळं पार वरपर्यंत आलेली दिसतात. मात्र सोडण कुजता कुजत नाही, मातीत कस लवकर उतरत नाही. त्यासाठी मी सोसायटीतल्या बदामाचा वाळका पाला चुरून खाली घालते. तो फुकट. पावसाळ्यात थर पातळ करा, नाहीतर गोगलगायी आल्याच.